दगडाच्या मापाची काठी

माझ्याकडे मासे धरायच्या पाच काठ्या आहेत आणि पाचही उत्तम आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कोणालाही वाटेल की गुरुजींची खरेदी फसली. खरेदी फसली नव्हती. एक काठी बारा फुटांची, रुंद नदीसाठी. एक आखूड आणि ताठ, मरळीसारखा दांडगा मासा पानांच्या गचपणातून ओढून काढायला. एक अगदी लवचीक, नाल्यासाठी. एक आतल्या आत सरकून पिशवीत मावणारी. पाचवी कशासाठी घेतली ते आता आठवत नाही, पण तेव्हा फार गरजेची वाटली होती. मोबाइलवर एक दाढीवाले गृहस्थ काठी तळहातावर तोलून कोणत्या पाण्याला कोणती काठी ते समजावून सांगायचे आणि मी वहीत लिहून घ्यायचो. बायको म्हणाली, "शाळेतल्या पोरायले तरी इतकं वर्गवार बसवता का तुमी?"

मी मूळचा अकोल्याकडचा, खारपाण पट्ट्यातला. आमच्या गावी विहिरीचं पाणी खारट आणि नदीत बहुतेक वर्षभर वाळू. मासा आम्ही बाजारात, टोपलीतच पाहिलेला. नोकरी लागली ती या टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यात, आणि बदल्या होत होत तीन वर्षांपूर्वी सावलीजवळच्या एका गावात आलो. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, थोड्या अंतरावर वैनगंगा, आणि गावाला लागून मालगुजारीच्या काळातला मोठा तलाव. जन्मभर पाण्याला मुकलेल्या माणसाला एवढं पाणी एकदम दिसलं की त्याचं डोकं फिरतं. माझंही फिरलं.

तलावाच्या पाळीवर आतल्या अंगाला मोठमोठे काळे दगड लावलेले आहेत. शाळा सुटल्यावर मी पहिल्यांदा काठी घेऊन गेलो तेव्हा सात-आठ माणसं त्या दगडांवर अंतराअंतराने बसली होती, प्रत्येकाच्या हातात साधी बांबूची काठी. कोणी बोलत नव्हतं. एक चांगला सपाट दगड रिकामा होता. मी त्यावर बसलो. शेजारच्या दगडावर एक म्हातारे गृहस्थ होते, अंगात बंडी, डोक्याला दुपट्टा. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "गुरुजी, तो गोटा पोस्टमनचा हाय जी."

"पण पोस्टमन तर दिसत नाहीत."

"डाक वाटून राह्यला. येईन."

"मग तोवर बसतो."

"बसा. पण त्या गोट्याले तुमची सवय लागन."

त्या संध्याकाळी मला चार दगडांवरून उठावं लागलं. प्रत्येक दगडाला धनी होता. कोणाचा धनी बाजाराला गेला होता, कोणाचा आजारी होता, एकाचा तर सहा महिन्यांपासून मुलीकडे तेलंगणात होता, पण दगड त्याचाच. शेवटी मी पाळीच्या अगदी टोकाला गेलो, जिथे बेशरमीची झुडपं आहेत आणि जिथून म्हशी पाण्यात उतरतात. त्या जागेवर म्हशींखेरीज कोणी हक्क सांगितला नाही आणि म्हशींनीही फार ताणलं नाही.

तिथून मी माझी विद्या सुरू केली. दोरा गुंडाळायचं चाक असलेली बारा फुटी काठी खांद्यामागे नेऊन अशी फेकली की दोरा सणसणत गेला आणि कमळाच्या पानांत मधोमध जाऊन अडकला. ओढला तर पान आलं. पुन्हा फेकला तर देठासकट फूल आलं. मग मी मरळीसाठी खास मागवलेला रबरी बेडूक काढला. म्हाताऱ्याने तो मागून घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. "हा इथला नाई वाटत," ते म्हणाले. पाळीवर सगळ्यांच्या माना खाली गेल्या. खांदे मात्र हलत होते.

या म्हाताऱ्यांना सगळं गाव भाऊ म्हणायचं, मीही म्हणू लागलो. थोडी शेती, नवराबायकोचं घर, त्यातली बायको चार वर्षांपूर्वी गेलेली. एकुलता मुलगा नागपुरात नोकरीला, चौथ्या मजल्यावर राहणारा. भाऊंना दोन गोष्टींचा भारी राग होता. एक, कोणी पाळीवर चालताना पाय आपटला तर. दुसरी, गरी पाण्यात असताना कोणी बोललं तर. गरी म्हणजे आपला गळ. मी मास्तर माणूस, बोलल्याशिवाय मला राहवत नाही, त्यामुळे पहिले दोन महिने मला माशांपेक्षा दटावणीच जास्त मिळाली.

एकदा गळ आवरून सगळे उठले तेव्हा भाऊंनी माझी बारा फुटी काठी हातात घेतली. "ही कोन्त्या गोट्याची हाय?"

मला प्रश्न कळला नाही, पण उत्तर तयार होतं. काठी कशाची बनते, ती कुठून वाकते, टोक किती नरम हवं, किती वजनाचा मासा पेलते, कोणत्या पाण्यात कोणती चालते, सगळं सांगितलं. माझ्या वहीतली सात पानं झाली. भाऊंनी मान हलवत ऐकलं, दारावर आलेल्या औषधवाल्याचं ऐकतात तसं.

"सगळं बरोबर हाय जी," ते म्हणाले. "पण गोटा कोन्ता?"

मग त्यांनी मला पाळीवर उभं करून दाखवलं. काठावर आधी गवत, मग कमळाची पानं, आणि पानं संपतात तिथे पाणी एकदम काळं होतं. मासा त्या कडेकडेने फिरतो. पानांत गळ टाकला तर अडकतो, फार पुढे टाकला तर कोणी विचारत नाही. प्रत्येक दगडापासून ती कड वेगळ्या अंतरावर. म्हणून दगडावर बसायचं, हात जिथवर पोचतो तिथून कडेपर्यंतचं माप घ्यायचं आणि तेवढीच काठी कापायची. पोस्टमनची काठी भाऊंच्या दगडावर निरुपयोगी, भाऊंची पोस्टमनच्या. कोणाच्या ओसरीत टांगलेली काठी पाहिली की गावातला माणूस सांगू शकतो, हा कुठे बसतो. पाणी उतरलं तर दोरी लांबवतात, काठी तीच. माझं सगळं शास्त्र पाण्याचं होतं, त्यांचं बुडाचं.

त्या रात्री मी वहीतली सात पानं पुन्हा वाचली. बसायचं कुठे, याबद्दल दाढीवाल्या गृहस्थांनी एक शब्द सांगितला नव्हता.

"भाऊ, मला एक काठी कापून द्या ना," मी दुसऱ्या दिवशी म्हटलं.

"गोटाच नाई तं काठी कशाची कापू? दर्जी माप घेतल्याबिगर शिवते का?"

"मग दगड कसा मिळतो?"

"कोनी उठला का."

"उठतं कोण?"

"इथी उठत नाई जी कोनी," भाऊ तंबाखूला चुना लावत म्हणाले. "उचलून नेतेत."

आता जे कबूल करतो ते शिक्षकाला शोभणारं नाही. त्यानंतर मी पाळीवरच्या प्रत्येकाच्या तब्येतीची फार आपुलकीने चौकशी करू लागलो. पोस्टमनला खोकला झाला तर मी रोज विचारायचो, आहे का अजून. मुलीकडे तेलंगणात गेलेल्या गृहस्थांना तिथली हवा मानवली का, हे त्यांच्या घरी जाऊन विचारून आलो. त्यांच्या सुनेला इतकं भरून आलं की तिने मला लाखोळीच्या डाळीचे वडे बांधून दिले. बायकोने ते खाल्ले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लोकायच्या मरणावर टपून वडे आणले तुमी." मी आठ दिवस कोणाची तब्येत विचारली नाही. पोस्टमनला वाटलं मी रुसलो.

माझी काठी काही अगदीच कामाची नाही, हे सिद्ध करायची मला खुमखुमी होती. म्हणून एका रविवारी भाऊंना मोटरसायकलवर मागे बसवून मार्कंड्याला घेऊन गेलो. देवाचं दर्शन घेतलं आणि देवळापासून चांगलं लांब, खालच्या अंगाला वैनगंगेवर बसलो. तिथे बारा फुटी काठीने माझं नाक राखलं. तासाभरात एक शिंगाळा लागला, दोन वेळच्या रश्श्यापुरता. मी काठी भाऊंच्या हातात दिली. त्यांनी चाक फिरवून मासा काठाला आणला आणि मासा पिशवीत गेल्यावरही चाक फिरवतच राहिले. किर्र किर्र असा बारीक आवाज येतो त्याला. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"नदीले हे बरं हाय," ते म्हणाले. "नदीत कोनाचा गोटा नसते."

परतताना घरापर्यंत माझ्या पाठीशी ती किर्र किर्र चालू होती. घराशी उतरल्यावर त्यांनी काठी मला दिली, पण चाक काढून बंडीच्या खिशात घातलं. चार दिवस राहू द्या, म्हणाले. चार दिवसांचे दोन महिने झाले. वयाने एवढ्या मोठ्या माणसाकडे चाक परत कसं मागायचं, ते मला सुचेना.

दिवाळीत भाऊंचा मुलगा आला, त्यांना घेऊन जायला. दर दिवाळीला यायचा. आधीच्या पावसाळ्यात भाऊ बांधीत पाय घसरून पडले होते आणि दुसऱ्या बांधीतल्या बायांनी पाहिलं म्हणून बरं, नाहीतर संध्याकाळपर्यंत चिखलातच राहिले असते. गुडघा तेव्हापासून नीट नव्हता. पाळीवरून खाली दगडावर उतरताना ते आता बसून, हात टेकत उतरायचे आणि कोणी हात दिला की तो न दिसल्यासारखं करायचे. मुलाला त्यांनी सांगितलं, धान कापून झालं का येतो. धान कापून झालं तेव्हा म्हणाले, लाखोळी निघाली का येतो.

मुलाने मला शाळेत गाठलं. "सर, बाबा तुमचं ऐकतेत. जरा समजावून सांगा. परत पडले तर मले तिकडं कळनबी नाई."

भाऊ माझं ऐकतात ही बातमी मला नवीन होती. पण मुलगा खोटं बोलत नव्हता, त्याचे डोळे सांगत होते. मी अडचणीत सापडलो. ज्याला वर्षभर दगड हवा होता, त्यानेच एका माणसाला दगडावरून उठवायचं. तरी गेलो. गळ बाहेर काढलेला असताना, योग्य वेळ साधून म्हटलं, "भाऊ, गुडघ्याचा इलाज नागपुरात चांगला होईल. मुलगा एवढा म्हणतो आहे तर..."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. डोळे मिश्किल होते, पण मला ते लागायचं तसं लागलं. "तुमाले गोटा पायजे काजी?"

पाळीवर आल्यापासून पहिल्यांदाच मी एवढा वेळ गप्प होतो. तो विषय मी पुन्हा काढला नाही आणि मुलाचा फोन आला की शाळेत तपासणी आहे असं सांगू लागलो.

लाखोळी निघायच्या सुमारास भाऊंच्या घरी गेलो तर ओसरीत आढ्याला एक नवी काठी उलटी टांगलेली दिसली. वद्य पक्षात कापलेला हिरवा बांबू, आचेवर शेकून, मोहाच्या बियांचं तेल लावलेला. सरळ व्हावा म्हणून खालच्या टोकाला स्वयंपाकघरातला वरवंटा बांधला होता. घरातली बाई गेल्यापासून त्या वरवंट्याला दुसरं काम नव्हतं.

"कोणाची?" मी विचारलं.

"तुमची."

मला इतका आनंद झाला की मी दगडाचं विचारायलाच विसरलो. मग आठवलं. "पण कोणत्या दगडाची, भाऊ?"

"बसान तं समजन."

पंधरा दिवसांनी ती काठी त्यांनी माझ्या घरी आणून दिली. गळ बांधलेला, मोरपिसाच्या देठाचा तरंगा लावलेला. चहा घेतला, बायकोला म्हणाले, "गुरुजीले आता मासे खाऊ घालायचं काम लागलं, बाई." लंगडत गेले. मी शाळा सुटताच पाळीच्या टोकाला, म्हशींच्या जागेवर जाऊन बसलो, ऐटीत काठी लांबवली, आणि गळ पानांत पडला. पुढे वाकलो, तरी पानांत. उभं राहून टाकला, तरी कडेपासून दीड हात अलीकडे. काठी सरळसरळ आखूड होती. दुसऱ्या दिवशीही तेच. पाळीवर सगळ्यांच्या माना खाली आणि खांदे हलत. भाऊंचा दगड दोन्ही दिवस रिकामा होता, गुडघा दुखत असेल असं मी धरून चाललो.

तिसऱ्या दिवशी मला राग आला. ज्या माणसाने मला वर्षभर मापाचे धडे दिले त्याने दीड हात चुकावं? की चूक नव्हतीच, आणि गावाला करमणूक म्हणून माझी थट्टा मांडली होती? मी काठी घेऊन तडक त्यांच्या घरी गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई अंगणात लाखोळी झोडपत होती.

"परवाच गेले ना ते," ती म्हणाली. "तुमच्या घरून आले अन् पोराच्या संगं दुपारच्या बसनं गेले. सांगतलं नाई का तुमाले?"

मी पाळीवर परत आलो. कुठे जावं ते सुचत नव्हतं म्हणून आलो. माझ्या जागी जाऊन बसलो आणि तो आखूड बांबू मांडीवर धरून राहिलो. बऱ्याच वेळाने पोस्टमनने आपला गळ बाहेर काढला, दोरी गुंडाळली आणि मग तोंड उघडलं.

"गुरुजी, काठी चुकीची नाई जी. तुमी चुकीच्या गोट्यावर बसून राह्यले."

मी त्यांच्याकडे पाहिलं, मग भाऊंच्या रिकाम्या दगडाकडे.

"भाऊनं सांगतलं होतं," पोस्टमन म्हणाले, "तीन दिवस सांगू नोका. हसा म्हने."

मला दगड हवा होता हे खरं आहे. त्यासाठी मी लोकांचे खोकले मोजले. पण मला हवा होता तो भाऊंच्या शेजारचा, ते आपल्या दगडावर बसलेले असताना. त्यांचा दगड मला नको होता, आणि हे पाळीवर सगळ्यांसमोर सांगताना माझा आवाज फाटला, आणि कोणीही हसलं नाही. पोस्टमननी पुन्हा गळ टाकला, म्हणजे आता बोलणं बंद.

दोन दिवस मी गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी बायकोने काठी दाराशी आणून ठेवली.

तो दगड लांबून सपाट दिसतो, पण मधे एक उंचवटा आहे आणि तो नेमका टोचतो. उजव्या बाजूला, हात सहज जातो तिथे, चुन्याची पांढरी बोटं पुसलेली आहेत, एकावर एक, किती वर्षांची कोण जाणे. मी काठी लांबवली. पुढे वाकावं लागलं नाही. गळ पानांच्या अगदी शेजारी, काळं पाणी सुरू होतं तिथे पडला आणि तरंगा उभा राहिला. तेव्हाच खिशात फोन वाजला.

"कुठी बसले?" भाऊंनी विचारलं.

"तुमच्या दगडावर."

"कसा हाय?"

"टोचतो."

"मग? गादी टाकून ठेवतो का मी?"

मी आवाज खाली आणला, कारण पोस्टमन बघत होते. "भाऊ, सांगून जायचं होतं."

"सांगतलं असतं तं तुमी बोलले असते," ते म्हणाले. "लय बोलता जी तुमी. मंग माह्यानं निघनं झालं नसतं."

मला पुष्कळ सांगायचं होतं. गुडघा कसा आहे, जेवण नीट होतं का, चौथ्या मजल्यावरून काय दिसतं. मी सुरुवात केली तेवढ्यात त्यांनी अडवलं.

"गरी पान्यात हाय का?"

"आहे."

"मग चूप बसा."

मला वाटलं फोन ठेवला त्यांनी. ठेवला नव्हता. तिकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, कोणीतरी दार लावलं, आणि मग अगदी जवळून तो बारीक आवाज सुरू झाला, किर्र किर्र. माझं चाक. चौथ्या मजल्यावर, बिनकाठीचं, हळूहळू फिरत होतं. मी फोन दगडावर चुन्याच्या बोटांपाशी ठेवला, बोलायची बाजू पाण्याकडे करून, आणि दोन्ही हातांनी काठी धरली. तिकडून किर्र किर्र येत राहिली. मग कमळांच्या पलीकडे पाणकोंबडी ओरडली आणि नागपुरातली किर्र किर्र थांबली.